गुहेत ऊब येते कुठून?

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात मुक्काम करून आलेल्या मुलांना एकदा विचारून पाहा. ज्यांनी गुहेत पथारी टाकली ते म्हणतील, "थंडी होती, पण झोप लागली." ज्यांना चांदण्या पाहण्याची हौस होती आणि जे कोकणकड्याच्या बाजूला सपाटीवर उघड्यावर झोपले ते म्हणतील, "रात्रभर दात वाजत होते. पांघरुणे होती, पण पहाटे तीसुद्धा ओली झाली." गंमत अशी, की दोन्ही ठिकाणी हवेचे तापमान मोजले तर फरक थोड्याच अंशांचा निघेल. पांघरुणे सारखीच. गुहेत कोणी शेगडी पेटवलेली नाही. मग ही ऊब आली कुठून?

खरे सांगायचे तर गुहेने ऊब दिलीच नाही. ती तुमचीच होती. गुहेने ती सहजासहजी जाऊ दिली नाही, एवढेच. शरीराची ऊब कोणकोणत्या वाटांनी निसटते आणि त्या वाटांवर गुहा काय करते, ते आज आपण पाहू या. ज्याला हे कळले त्याला डोंगरात झोपण्याची जागा डोळसपणे निवडता येते. आणि एका बाबतीत तर हे न कळणे जिवावर बेतू शकते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आधी गडाची थोडी ओळख. हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. ठाणे आणि पुणे या जिल्ह्यांच्या सीमा इथून जवळच. गडाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांहून थोडा अधिक आहे. पाचनईहून जाणारी वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी लांबची, आणि कोकणातून नळीच्या वाटेने चढायचे तर अनुभवी सोबतीच हवा. वर हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ, केदारेश्वराची गुहा, आणि तारामती शिखराच्या पोटात कोरलेली लेणी आहेत. योगी चांगदेव इथे राहत असत अशी परंपरा आहे. तेव्हा या गुहांमध्ये रात्र काढणारे आपण काही पहिले नव्हे! पश्चिमेकडचा कोकणकडा आणि तिथे पावसाळ्याच्या अखेरीस ढगांवर दिसणारे गोल इंद्रवज्र यांवर लिहिण्याचा मोह होतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उंच गेले की हवा गार होते. ढोबळ हिशेब असा, की दर किलोमीटर चढाईला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे कोकणात सुखद वाटणारी रात्र गडाच्या माथ्यावर चांगलीच बोचते. हिवाळ्यात पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाणे इथे नवलाचे नाही.

आता आपल्या शरीराकडे वळू. झोपलेला माणूस म्हणजे मंद जळणारी चूलच. खाल्लेल्या अन्नाचे सावकाश ज्वलन चालू असते आणि त्यातून दर सेकंदाला सुमारे ८० ज्यूल, म्हणजे ८० वॅट उष्णता निघते. जुन्या पद्धतीच्या विजेच्या एका दिव्याइतकी ही शक्ती झाली. रात्रभर हा एवढाच पुरवठा. याहून जास्त उष्णता बाहेर जाऊ लागली की शरीर कुडकुडू लागते. कुडकुडणे म्हणजे स्नायूंनी निव्वळ उष्णता निर्माण करण्यासाठी केलेली धावपळ. ती काही काळ उपयोगी पडते, पण अशा स्थितीत झोप कसली लागणार?

उष्णता जाण्याच्या तीन वाटा तुम्ही शाळेत शिकला आहात: वहन, अभिसरण आणि प्रारण. पहिल्या दोन चटकन लक्षात येतात. तिसरी मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि उघड्यावर झोपणाऱ्याला तीच सर्वांत जास्त लुटते.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. दगड टाकतो, झाड टाकते, तुमची चादरही टाकते. स्टेफान या शास्त्रज्ञाने १८७९ साली दाखवून दिले, की ही ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. पुढे १८८४ मध्ये बोल्ट्‌झमानने त्याची उपपत्ती दिली. हिशेब करून पाहा. चादरीचा पृष्ठभाग २० अंशांवर (२९३ केल्व्हिन) असेल तर तिच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ४१८ वॅट बाहेर पडतात. आकडा भयंकर वाटतो, कारण शरीर तर ८० वॅटच निर्माण करते! पण समोरची वस्तूही आपल्याकडे किरण पाठवत असते. खरा तोटा म्हणजे या देण्याघेण्यातला फरक.

गुहेत तुमच्या समोर काय असते? १५ अंशांचा दगडी छत. तो दर चौरस मीटरला सुमारे ३९० वॅट परत पाठवतो. तोटा २८ वॅट. उघड्यावर समोर असते आभाळ. हिवाळ्यातली कोरडी, निरभ्र हवा अवरक्त किरण फारसे परत पाठवत नाही. प्रारणाच्या हिशेबात असे आभाळ जणू उणे १० अंशांच्या बर्फाळ छतासारखे वागते. त्याच्याकडून येतात जेमतेम २७१ वॅट. तोटा १४७ वॅट, म्हणजे गुहेतल्यापेक्षा पाचपट! उताण्या झोपलेल्या माणसाचा सुमारे ०.७ चौरस मीटर भाग वर पाहत असतो असे धरले, तर आभाळाला १०० वॅट आणि गुहेच्या छताला अवघे २० वॅट जातात.

हे गणित अर्थातच ढोबळ आहे. प्रत्यक्षात उघड्यावरच्या चादरीचा वरचा थर लगेच थंड होतो, म्हणून तोटा इतका राहत नाही. पण तो थर थंड होता होता भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, दवबिंदूच्या खाली उतरतो, आणि त्यावर दव जमते. कड्यावर झोपलेल्या मुलांची पांघरुणे ओली का झाली, याचे हेच कारण. वरून दव 'पडले' असे आपण म्हणतो, पण पडत काही नाही. जवळच्याच हवेतली वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते.

हे पडताळून पाहायला गडावर जायला नको. निरभ्र रात्री गच्चीवर किंवा अंगणात दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. दोन्हींखाली घडी घातलेले पोते ठेवा. एक ताटली उघड्यावर असू द्या, दुसरी टेबलाखाली किंवा खाटेखाली. पहाटे उठून दोन्हींवरून बोट फिरवा. तापमापक मिळाला तर दोन्ही ताटल्यांवर टेकवून वाचन घ्या. मग ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा. ढगाळ रात्री फरक जवळजवळ नाहीसा का होतो, हे आता तुम्हीच सांगा.

डोक्यावर नुसते छप्पर असले, तरी थंडी निम्मी वाटते ती यामुळे. आंब्याच्या झाडाखालचे गवत पहाटे कोरडे आणि बाजूचे चिंब असते, तेही याच कारणाने. तंबूचे कापड मात्र इतके पातळ असते, की ते स्वतःच आभाळाकडे उष्णता टाकून गार पडते. आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ मग त्याला आतून चिकटते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते.

दगडी छताची खुबी वेगळीच. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. दुपारच्या उन्हाने कातळाचा पृष्ठभाग तापतो आणि रात्री निवतो. हा चढउतार लाटेसारखा आत सरकतो, पण फार हळू, आणि सरकताना विरत जातो. सुमारे १५ सेंटिमीटर खोलीवर तो एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. अर्ध्या मीटरवर शंभरात जेमतेम चार भाग. शिवाय तिथे पोहोचायला त्याला सुमारे बारा तास लागतात. म्हणजे भर दुपारचा चढ अर्धा मीटर आत मध्यरात्री पोहोचतो! कित्येक मीटर जाडीच्या छताला मग दिवसरात्रीचा पत्ताच लागत नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा फरकही खोल कातळात बराच बोथट होतो. म्हणून खोल गुहा उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार 'वाटते'. तिचे तापमान फारसे बदलत नाही. बदलते ती बाहेरची हवा, जिच्याशी आपण तुलना करतो. अर्थात हे खोल गुहेबद्दल झाले. ज्या लेण्याचे तोंड लांबरुंद आणि खोली चार पावलांची, तिथे बाहेरचीच हवा खेळते. तिथे छताचा फायदा मिळतो, भिंतींचा फारसा नाही.

केदारेश्वराच्या गुहेतही हेच दिसते. भोवती पाणी, मध्ये भव्य शिवलिंग. मूळच्या चार खांबांपैकी एकच आता शाबूत आहे. ऊन कधीच न पोहोचणारे ते पाणी भर उन्हाळ्यातही गारेगार लागते. पुष्कळ लोक हौसेने किंवा श्रद्धेने त्या पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. हिवाळ्याच्या संध्याकाळी, पुढे सारी रात्र गडावर काढायची असताना मात्र हा मोह टाळावा. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. उतरायचेच तर सकाळी उतरावे. अंग सुकवायला पुढे ऊन असते.

ओल्या कपड्यांचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. चढताना घामाने बनियन भिजला आणि त्यात फक्त १०० ग्रॅम पाणी राहिले असे समजा. ते सुकायचे तर त्याची वाफ व्हायला हवी. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. म्हणजे १०० ग्रॅमला २४० किलोज्यूल. शरीर सेकंदाला ८० ज्यूल निर्माण करते. तेव्हा एक बनियन अंगावर वाळवण्यात आपली तब्बल ५० मिनिटांची सगळी उष्णता खर्च होते! म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिले काम चहाचे नव्हे, कपडे बदलण्याचे. झोपायचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळा ठेवलेला असावा आणि चढताना कितीही घाम आला तरी त्याला हात लावू नये.

आता खालची बाजू. छताने आभाळापासून वाचवले, पण पाठीखाली कातळच आहे. दगड स्थिर हवेच्या सत्तरपटीहून अधिक चांगला उष्णतावाहक असतो. वरून तीन पांघरुणे आणि खाली एक चादर, असा उलटा व्यवहार पुष्कळजण करतात. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा वजनाने निघून जाते आणि मग ते पांघरूण असून नसल्यासारखे होते. म्हणून तीनपैकी एक पांघरूण खाली घालावे. वर्तमानपत्रांची जाड घडी, रिकामे पोते, सुकलेले गवत, यांतले काहीही चालते. ज्यात हवा अडकून बसते ते उत्तम दुर्वाहक. धनगराची घोंगडी या कामाला फार नामी. लोकरीचे तंतू कुरळे असल्याने दबूनही त्यांच्यात हवा राहते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषूनही ओली लागत नाही. सुती चादर मात्र थोड्या दवानेही अंगाला चिकटते.

राहिले अभिसरण, म्हणजे वाऱ्याचे काम. शरीराला लागून असलेला हवेचा पातळ थर तापतो, वारा तो पळवून नेतो आणि त्या जागी गार हवा आणून ठेवतो. गुहेच्या तिन्ही बाजूंचा कातळ हे अडवतो. जगात इतरत्रही डोंगरवाटांवर निवारे बांधणाऱ्यांनी हीच युक्ती केली आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची अ‍ॅपलाचियन पायवाट आहे. तिची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ साली मांडली आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. या वाटेवर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. त्यांतले बरेचसे अगदी साधे: तीन भिंती, उतरते छप्पर, जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची जमीन, आणि चौथी बाजू सताड उघडी. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, पैसे संपले म्हणून चौथी भिंत राहिली असावी! पण आपल्या हिशेबाने तपासा. छप्पर आभाळाला अडवते, भिंती वाऱ्याला, फळ्या जमिनीकडे होणाऱ्या वहनाला. उघड्या बाजूने श्वासाची वाफ आणि वापरलेली हवा बाहेर जाते. सह्याद्रीतले लेणे काय किंवा ही लाकडी पडवी काय, रचना तीच.

उघड्या बाजूने थोडी थंडी येते हे खरे. म्हणून काहीजण गुहेच्या तोंडाला ताडपत्री बांधतात आणि आत शेकोटी पेटवतात किंवा कोळशाची शेगडी ठेवतात. सुरुवातीला ज्या जिवावरच्या धोक्याचा उल्लेख केला, तो हाच.

जाळ चांगला पेटलेला असताना तापलेली हवा व धूर वर जाऊन छताखाली पसरतो, तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर निघतो आणि खालून गार, ताजी हवा आत येते. थंडीच्या दिवसांत आत पुष्कळ माणसे बसली असतील अशा खोलीचे दार थोडे उघडून, एक पेटती उदबत्ती दारात वर आणि मग खाली धरा. धूर दोन ठिकाणी उलट दिशांना जाताना दिसेल. पण कोरलेल्या लेण्याचे दार पुष्कळदा बुटके आणि आतले छत उंच असते. मग दाराच्या चौकटीपर्यंत धुराचा थर साचून राहतो. मध्यरात्रीनंतर जाळ विझतो, निखारे उरतात, वर जाणारा प्रवाह मंदावतो, साचलेली हवा निवून खाली उतरते. सगळे झोपलेले असतात.

नेमक्या या वेळी विषारी वायू जास्त तयार होतो. निखाऱ्यांच्या खालच्या थरात कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड बनतो. तो वरच्या लालभडक कोळशातून जाताना त्याचा कार्बनशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शेगडीवर कधी निळसर ज्योती नाचताना पाहिल्या असतील. तो हाच वायू जळत असतो. जो जळत नाही, तो हवेत मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातले हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. मग शरीराला प्राणवायू पोहोचवणारे वाहनच अडकून पडते. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. जागा माणूस कदाचित बाहेर पडेल; झोपलेला मात्र त्या गुंगीतच अधिक खोल झोपतो आणि उठत नाही. "आता धूर नाही, नुसते निखारे आहेत, राहू द्या" हे वाक्य म्हणूनच सर्वांत घातक. बंद गुहेत, तंबूत किंवा खोलीत निखारे घेऊन कधीही झोपू नये. कोणाला असा त्रास झालाच तर त्याला तत्काळ उघड्या हवेत आणावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. नुसते बरे वाटू लागले म्हणून थांबू नये.

गुहेत जाळ न करण्याला आणखीही कारणे आहेत. बसाल्ट दुर्वाहक असल्याने जाळाजवळचा पापुद्रा तापून फुगतो आणि आतला दगड गारच राहतो. या ताणाने छताच्या चिपा सुटून खाली पडू शकतात. काजळीने शेकडो वर्षांचे कोरीव काम काळे होते. आणि कड्याकपारींत आग्या मोहोळ असले, तर धुराने उठलेल्या माश्यांपुढे कोणाचेच शहाणपण चालत नाही. शिवाय गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे मुक्काम करता येईल का आणि कुठे, याचे वनखात्याचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्यावा.

जागा निवडताना छताकडे विजेरीचा झोत टाकून नीट पाहा. जमिनीवर ताज्या, धारदार कडांच्या चिपा पडलेल्या असतील तर ती जागा सोडा. जिथे पाणी ठिबकल्याचे डाग आहेत तीही सोडा. तोंडापासून थोडे आत, पण हवा खेळती राहील असे झोपा. पाठीखाली जाड, अंगावर कोरडे, डोक्याला टोपी. झोपण्यापूर्वी पोटभर जेवा, कारण रात्रभर जळायचे इंधन तेच. सोबतच्या कोणाची बोटे नीट चालेनाशी झाली, बोलणे अडखळू लागले किंवा ऊब न मिळताच त्याचे कुडकुडणे थांबले, तर शरीराचे आतले तापमान घसरत आहे असे समजा. त्याचे ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, दोघांच्या मध्ये झोपवा. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. आणि मदत मागवा.

तापमापक जवळ असला तर रात्री नऊ, बारा, तीन आणि पहाटे सहा वाजता गुहेच्या आत, तोंडाशी आणि बाहेर गवतावर, अशी तीन ठिकाणची वाचने घ्या. आलेखकागदावर तिन्ही रेषा काढा. सर्वांत खाली कोणती जाते, सर्वांत सपाट कोणती राहते, आणि मध्येच ढग आला असेल तर तो कोणत्या रेषेत दिसतो, ते शोधा.